योहानने मराठीत दिलेला नकार

परदेशी माणसांना मराठी शिकवते असं सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "त्यांना कशाला हवंय मराठी? आपलीच पोरं बोलत नाहीत." पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे बरीच उत्तरं आहेत. दुसऱ्या वाक्यावर मी गप्प बसते, कारण माझी स्वतःची नात मला 'आजी, व्हॉट इज एकोणसाठ?' असं विचारते.

शाळेतली नोकरी संपल्यावर मी हे सुरू केलं. मुलुंड पूर्वेला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बाहेरच्या खोलीत जेवणाचं टेबल, तोच वर्ग. माझे यजमान गेल्यापासून त्या टेबलावर जेवायला एकटीच असते, तेव्हा शिकवण्याला ते मोकळंच होतं. कंपन्यांचे मॅनेजर आले, मिशनच्या सिस्टर आल्या, संशोधन करणारी मुलं आली. पुढे एका देशाच्या वकिलातीने त्यांची माणसं पाठवायला सुरुवात केली. वकिलात वांद्र्याच्या बाजूला, काचेच्या इमारतीत. त्यांचं म्हणणं, तुम्हीच इथे या. मी म्हटलं, तिथे दाराची बेल वाजत नाही. माझ्याकडे इस्त्रीवाला येतो, गॅसवाला येतो, खालच्या काकू लिंबं मागायला येतात. भाषा तिथे शिकता येते. त्यांनी मान्य केलं.

आमच्या धंद्यातली मुख्य अडचण ळ नाही. ळ येतो हळूहळू, नाही आला तरी काही अडत नाही. खरी अडचण अशी की मराठीत माणूस स्वतःहून फारसं काही करतच नाही. त्याला भूक लागते, राग येतो, कंटाळा येतो, लाज वाटते. सगळं बाहेरून येऊन त्याच्यावर आदळतं. एका कोरियन मॅनेजरने हे ऐकून वही मिटली आणि म्हणाला, "म्हणजे तुमच्या भाषेत कोणाचीच चूक नसते?" एक सिस्टर माझ्याकडे येण्याआधी कॉन्व्हेंटच्या माळ्याकडून मराठी उचलून आल्या होत्या. मोठ्या पाहुण्यांनाही त्या "काय ओ, लई दिसानं?" असंच म्हणायच्या. ते मी सुधारलं नाही. इतकं चांगलं मराठी मला शिकवता आलं नसतं.

वाईट एकच. ज्याला 'पाणी' म्हणायला शिकवलं तो हळूहळू थट्टा करायला लागतो, मग भांडायला लागतो, आणि नेमका भांडण्याइतका तयार झाला की त्याची बदली होते. पोस्टकार्डं येतात काही दिवस. मग तीही थांबतात.

मला सांगायचं आहे ते त्या वकिलातीतल्या दोघांबद्दल. देशाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर कोण ते लगेच कळेल. दोघांची नावंही बदलली आहेत. एकाला फेलिक्स म्हणते, दुसऱ्याला योहान.

फेलिक्स राजकीय विभागात होता. चाळिशीचा, देखणा, बोलघेवडा. चुकायला घाबरायचा नाही, त्यामुळे भराभर शिकला. पहिल्याच महिन्यात खालच्या काकूंना "तुम्ही आज फार गोड दिसता" म्हणाला आणि त्या जिन्यातच लाजून परत फिरल्या. योहान नौदलातला अधिकारी. वकिलातीत जहाजांसंबंधीचं काहीतरी काम बघायचा. रुंद, सावकाश बोलणारा, मनातल्या मनात वाक्य पूर्ण जुळवल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. त्याला मराठी का हवं होतं? तर किनाऱ्यावरच्या लोकांशी बोलायला. पूर्वी तो समुद्र मोजायच्या खात्यात होता. बंदरात पाणी कुठे किती खोल, खडक कुठे, गाळ कुठे, हे मोजून नकाशे करायचे. "नकाशा यंत्र करतं," तो म्हणायचा, "पण खरं कोळी सांगतो."

शनिवारी सकाळी दोघं एकत्र यायचे. टेबलाशी बसल्यावर मराठीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही हा माझा नियम. वर्गात मी सगळ्यांना तुम्हीच म्हणते, म्हणजे ते रूप त्यांच्या कानावर पडतं.

आणि मग त्यांच्या देशाने युद्ध सुरू केलं.

आपल्याकडेही त्याच्या बातम्या होत्या. शेजारच्या लहान देशावर यांनी सैन्य घातलं. कारण काय ते सरकारने एक सांगितलं, पंधरा दिवसांनी दुसरंच सांगितलं. त्यांच्या राजधानीत माणसं रस्त्यावर उतरली होती. वकिलातीच्या दारातही इथली मुलं फलक घेऊन उभी राहायची आणि आमचे हे दोघं मागच्या दाराने आत जायचे.

त्या शनिवारी येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आले. फेलिक्सने बसल्या बसल्या सांगितलं, "बाई, आज धडा नको. मला बोलायचं आहे."

"बोला. मराठीत."

"हो. मराठीतच." त्याने योहानकडे बघितलं. "आमच्या भाषेत आता बोलत नाही कोणी. ऑफिसात सगळे भिंतीसारखे. घरी फोन केला तर आई रडते, बाबा ओरडतात. इथे बोलतो."

तो तासभर बोलला. शब्द अडले की हातवारे करायचा, मी शब्द द्यायचे. बहाणा. सूड. नाकेबंदी. या शब्दांचा धडा माझ्या पुस्तकात नव्हता. बोलता बोलता तो म्हणाला, "आपण फार मोठी चूक करतोय."

सवयीने मी मध्येच म्हटलं, "आम्ही. आपण म्हटलंत तर त्यात मी पण आले."

फेलिक्स ओशाळून हसला. योहानने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आणि 'ते' म्हटलं तर? ते चूक करतात?"

"तर त्यात तुम्ही नाही."

त्याने मनात वाक्य जुळवलं. "मग 'आम्ही'. मी आत आहे."

पुढचे कितीतरी शनिवार असेच गेले. फेलिक्स दर आठवड्याला राजीनाम्याच्या जवळ यायचा. एकदा माझ्यासमोर रडला. सरकारला खरं कळवण्याचं काम आपलं, आणि खरं कळवलं की वरून उत्तर येतं, हे पुन्हा लिहा, म्हणायचा. योहान ऐकायचा, चहा प्यायचा, कप स्वतः विसळून ठेवायचा. मला वाटायचं, हा वर्दीतला माणूस, याला यातलं काही टोचत नसावं. मनातून मी फेलिक्सच्या बाजूची होते.

पुस्तकातलं मराठी बाहेर नेऊन बघायचं म्हणून मी विद्यार्थ्यांना कुठेतरी घेऊन जाते. योहानसाठी माहुल ठरवलं होतं. तिथली हिराबाई पूर्वी आमच्या बाजारात मासे घेऊन बसायची. गुडघे गेले तशी घरीच असते आता. युद्धामुळे बेत रद्द करू का विचारलं तर योहान म्हणाला, "नको. जाऊ."

माहुलला एका अंगाला तेलाच्या टाक्या आणि धुराडी, दुसऱ्या अंगाला खाडी. ओहोटी होती. चिखलात होड्या कलंडल्या होत्या. वास असा की फेलिक्सने रुमाल काढला आणि परत खिशात ठेवला, वाईट दिसेल म्हणून. योहान धक्क्याच्या टोकाला जाऊन पाण्याकडे बघत राहिला. परत आला तेव्हा हिराबाईने त्याला ओट्यावर बसवलं, सुकट निवडता निवडता आपादमस्तक न्याहाळलं.

"ह्यो काय करतो गं?" तिने मला विचारलं.

"त्यालाच विचार की. मराठी येतं त्याला."

"काय रं, काय काम करतंस?"

"मी नौदलात आहे. पूर्वी समुद्र मोजत होतो."

"म्हंजे सैन्यानच ना?" हिराबाईने सूप खाली ठेवलं. "माझा नातू मोबाइलवर दाखवतो. तुजे देशान लराई चाललीय. बंदर बंद केलाय, होऱ्या फोरल्या कोल्यांच्या. खरा का?"

कोळ्यांच्या होड्या फोडल्याचं ऐकलं आणि फेलिक्स माझ्याकडे बघायला लागला. विषय बदला, असं त्याचे डोळे सांगत होते.

"खरं आहे," योहान म्हणाला.

"मंग तू पन जाशील का लरायला?"

तो थांबला. नेहमीसारखा वाक्य जुळवत असेल म्हणून मी वाट बघितली.

"बोलावलं आहे," तो म्हणाला. "मी जाणार नाही."

हिराबाईने पुन्हा सूप उचललं. "मंग बरा हाय," ती म्हणाली आणि सुकट निवडायला लागली.

हे त्याने कोणाहीसमोर पहिल्यांदा उच्चारलेलं. फेलिक्सला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. परत येताना गाडीत फेलिक्स नियम विसरून त्यांच्या भाषेत बोलायला लागला. योहानने त्याला अडवलं. "मराठीत. बाई आहेत."

"बरं, मराठीत," फेलिक्स चिडून म्हणाला. "मी 'नाही' म्हणू शकतो. तू नाही. तू सैनिक आहेस! प्रत्येक सैनिक असं म्हणाला तर?"

"ते बंदर मी मोजलं आहे," योहान म्हणाला.

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. दहाएक वर्षांपूर्वी, दोन्ही देशांचं बरं होतं तेव्हा, त्या लहान देशाने यांनाच बोलावलं होतं बंदराचा नकाशा करायला. योहान तिथे एका बंदरवाल्याच्या घरी राहिला. बाहेरून आलेली जहाजं वाट दाखवत आत आणायची, हे त्या माणसाचं काम. त्याने आपल्या होडीतून फिरवून योहानला प्रत्येक खडक दाखवला. त्याच्या बायकोने जेवू घातलं. त्याच नकाशावर बोट ठेवून आता यांची जहाजं कुठे उभी राहायची, सुरुंग कुठे सोडायचे ते ठरत होतं. आणि ते पाणी ठाऊक असलेला माणूस म्हणून योहानला परत बोलावलं होतं.

"तू नाही गेलास तर दुसरा जाईल," फेलिक्स म्हणाला. "काय फरक?"

"जाऊ दे. तो मी नसेन."

गाडी नाहूरच्या पुलावर आली. मी पुढच्या सीटवर बसून समोर बघत होते.

त्याने वकिलातीत लेखी नकार दिला, आणि पुढच्या शनिवारी कोणीच आलं नाही. मला तिकडून बोलावणं आलं. काचेच्या इमारतीत, सुरक्षेचं काम बघणाऱ्या एक बाई होत्या. फार सभ्य. मला संकोच वाटू नये, ओळखीचं कोणी असावं, म्हणून फेलिक्सलाही बसवून घेतलं होतं. तो खिडकीपाशी बसला होता. बोलणं इंग्रजीत झालं.

"योहान वर्गात युद्धाविषयी काय बोलायचे?" बाईंनी विचारलं.

"वर्गात माणसं चुका करतात," मी म्हटलं. "मी त्या सुधारते आणि विसरते. लक्षात ठेवायला लागले तर कोणी माझ्यासमोर तोंड उघडणार नाही."

"ते दुसऱ्या कोणाला चिथावत होते का?"

"ते फार कमी बोलतात."

"माहुलला कशाला गेला होतात? तिथे तेलाचे प्रकल्प आहेत. नौदलाचा अधिकारी अशा ठिकाणी जातो, म्हणजे आम्हाला विचारावं लागतं."

"सुकट आणायला," मी म्हटलं. ते खरंच होतं, अर्धा किलो मी आणली होती.

"तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?"

मी फेलिक्सकडे बघितलं नाही. त्यानेच सांगावं असं मला वाटत होतं. मीही होतो, मीही बोललो, त्याच्यापेक्षा जास्त बोललो. एवढं त्याने म्हणायला हवं होतं. खिडकीबाहेर कोणीतरी दोरीवर लटकून काचा पुसत होतं. फेलिक्स त्याच्याकडे बघत होता.

"मी होते," मी म्हटलं. "आणि तिथल्या एक ओळखीच्या बाई होत्या. सत्तरीच्या. त्यांचे गुडघे दुखतात."

बाईंनी सगळं लिहून द्या म्हणून सांगितलं. मी नाही म्हटलं. त्या हसून उठल्या, चहाबद्दल विचारलं, आणि मला लिफ्टपर्यंत पोचवलं. त्यानंतर वकिलातीने माझ्याकडे कोणाला पाठवलं नाही.

बाणेरला माझी मुलगी असते, तिला फोनवर सांगितलं. "आई, तू कशाला पडतेस यात?" ती वैतागली. "त्यांचं युद्ध, त्यांची माणसं. उद्या पोलीस आले म्हणजे?"

"मी काही केलं नाही गं. फक्त सांगितलं नाही."

"तेच तर!" ती म्हणाली. तिचंही चुकत नव्हतं. एकट्या आईची काळजी लांबून करायची म्हणजे रागवावंच लागतं.

जाण्याआधी योहान भेटून गेला. खाली वकिलातीची गाडी थांबली होती आणि त्यात एक माणूस बसला होता, त्यामुळे फार वेळ नव्हता. दारातच उभा राहिला.

"बाई, एक शब्द पाहिजे," तो म्हणाला. "युद्धातून जो पळतो, त्याला काय म्हणतात?"

"कशाला हवाय?"

"घरी पेपरात मला तसं म्हणतील. मराठीत ऐकून ठेवतो."

"पळपुटा," मी म्हटलं. "पण तो तुम्हाला लागू नाही. पळपुटा पळतो. तुम्ही तर परत चाललात, शिक्षा घ्यायला."

त्याने शब्द दोनदा म्हणून बघितला. ळ स्वच्छ आला. मग वाकून मला नमस्कार केला, कुठे बघितलं होतं कोण जाणे, आणि जिना उतरला. मी गॅलरीत गेले तोवर गाडी वळली होती.

काही दिवसांनी फेलिक्स आला. शनिवारच, पण दुपारी. मी बसा म्हणायच्या आधीच टेबलाशी बसला.

"तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?" त्याने विचारलं.

"तुम्ही होतात की तिथे. तुम्हालाही घेता आलं असतं."

बराच वेळ तो टेबलावरचं प्लॅस्टिक नखाने खरवडत होता. मग म्हणाला की त्याने सरकारला आक्षेप कळवला होता. रीतसर, आतल्या मार्गाने. तशी सोय असते त्यांच्याकडे. धन्यवाद, विचार करू, असं उत्तर आलं. "मी आत राहिलो तर निदान काही थांबवता येईल," तो म्हणाला. "दोन मुलं आहेत माझी. बाई, तुम्हाला मी भित्रा वाटतो?"

शिक्षकाला विद्यार्थ्याला धीर देण्याची सवय असते. त्या दिवशी ती कामाला आली नाही. "मला माहीत नाही, फेलिक्स," मी म्हटलं. "तुमच्या जागी मी काय केलं असतं ते मला माहीत नाही."

तो गेला. पुढे त्याची बढती झाली, मोठ्या देशात मोठ्या जागेवर. तिथे त्याने काही थांबवलं का ते मला कधी कळलं नाही. थांबवलंही असेल. आत राहिलेल्या माणसाने काय थांबवलं ते बाहेर दिसत नाही, हा त्याच्या बाजूचा मुद्दा मी स्वतःशी कित्येकदा मांडते. आणि त्या खोलीत फेलिक्सचं नाव घेतलं असतं तर योहान एकटा पडला नसता का, हेही मनात येतं. की दोघंही बुडाले असते?

योहानवर खटला चालला. हुद्दा गेला, निवृत्तिवेतन गेलं, काही महिने तुरुंगात काढले. हे मला त्याच्याच तोंडून कळलं, पुष्कळ उशिरा. एका रविवारी दुपारी अनोळखी परदेशी नंबर आला आणि कोणीतरी सावकाश म्हणालं, "बाई, मी योहान. बरा आहे."

तो आता त्यांच्या डोंगराळ भागात, वारलेल्या आईच्या घरात राहतो. समुद्र तिथून फार लांब. थोरला भाऊ सैन्यातून निवृत्त झालेला, तो याच्याशी बोलत नाही. गावात पाववाला पाव देतो, पण 'कसा आहेस' विचारत नाही. चर्चमध्ये त्याच्या बाकावर दुसरं कोणी बसत नाही. युद्ध केव्हाच थांबलं. ते चुकलंच होतं, असं आता त्यांच्याकडे पुष्कळजण म्हणतात. पण म्हणून कोणी त्याच्या दारात आलं नाही.

"राग येतो का?" मी एकदा विचारलं.

"राग येतो, जातो," तो म्हणाला. "बंदरवाल्याची बातमी नाही. तिची वाट बघतो."

तेव्हापासून तो रविवारी फोन करतो. बोलण्यासारखं फार नसतं. मी सांगते, समोरची बिल्डिंग पाडली, आता टॉवर होतोय. हिराबाई गेल्या पावसाळ्यात गेली हेही सांगितलं. तो सांगतो, बर्फ पडला, कोल्हा दिसला. क्रियापदं अजून चुकतात. मी आता सुधारत नाही.

मागच्या रविवारी आमचं बोलणं लवकरच संपलं. तिकडे नळ वाहिल्याचा आवाज येत होता.

"बाई, फोन ठेवू?" त्याने विचारलं.

"काय करतोयस?" मी त्याला कधीपासून अरे-तुरे करायला लागले ते मला आठवत नाही.

"बटाटे सोलतो आहे."

"मग राहू दे चालू," मी म्हटलं.

फोन टेबलावर उभा करून ठेवला. मी मेथी निवडायला घेतली. त्याची सुरी चालत होती, मध्येच तो खोकला. इकडे गॅसवर दूध वर आलं तशी मी उठले, ते उतरवलं, परत येऊन बसले. तो होताच.